गोधडीपासून भरतकाम मंडळापर्यंत : एकत्र शिवण्याची पार्श्वभूमी

आठवड्यातून एका दुपारी कुणाच्या ओसरीवर, देवळाच्या सभामंडपात किंवा सोसायटीच्या सभागृहात जमून भरतकाम आणि शिवणकाम करणारे महिलांचे छोटे गट आज महाराष्ट्रातील शहरांत आणि तालुक्याच्या गावांतही दिसतात. त्यातील अनेक गट आता एकेकटीने रुमाल भरण्याऐवजी सगळ्यांनी मिळून एकच मोठे कापड करू लागले आहेत. हा अलीकडचा छंद वाटत असला, तरी त्याची मुळे शोधायची तर आधी गोधडीकडे जावे लागते.

गोधडी एकटीने घालणे फार अवघड असते. जुनी नऊवारी लुगडी उसवून, धुऊन, उन्हात वाळवून एकावर एक अंथरायची, मध्ये विटलेली धोतरे आणि फाटक्या कपड्यांचे तुकडे भरायचे आणि वरचा थर बसवताना कुठेही सुरकुती राहू द्यायची नाही, यासाठी चारही कोपरे एकाच वेळी ताणून धरावे लागतात. म्हणून उन्हाळ्याच्या दुपारी सारवलेल्या अंगणात किंवा माजघरात शेजारणी, जावा, नणंदा एकत्र बसत. कोपऱ्यांवर वरवंटा किंवा पाट ठेवून कापड धरले जाई, आधी लांब कच्चे टाके घालून थर एकमेकांना टाचले जात आणि मग प्रत्येक जण आपल्या बाजूच्या काठापासून धावदोरा घालत आत सरकत जाई. गोधडी एका घराची असली, तरी शिवण चार-पाच हातांची असे. आज एकीच्या घरी, उद्या दुसरीच्या, असा फेरा चाले आणि त्याचा हिशेब कुणी लिहून ठेवत नसे.

जुनी गोधडी उजेडात धरून पाहिली, तर हे हात वेगवेगळे ओळखू येतात. एका बाजूचे टाके तांदळाच्या दाण्याएवढे आणि सरळ रेषेत चाललेले असतात, तर लगतच्या बाजूचे लांब आणि थोडे तिरके. जिथे दोन बायकांच्या ओळी भेटतात, तिथे टाक्यांची लांबी एकाएकी बदलते. माझ्या मते आपल्याकडील सामूहिक शिवणकामाचा सर्वांत विश्वासू दस्तऐवज तोच आहे, कारण या बायकांची नावे दुसरीकडे कुठेही नोंदलेली नाहीत.

हीच रीत शेजारच्या मुलखातही आढळते. कोल्हापूरकडे जिला वाकळ म्हणतात, तिला सीमाभागात आणि पुढे कर्नाटकात कवदी हे नाव आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाच्या स्त्रिया अशाच कवंदी शिवतात आणि चारही कोपऱ्यांना घड्या घातलेल्या त्रिकोणी तुकड्यांची ‘फुले’ लावल्याशिवाय काम पुरे झाले असे मानत नाहीत. धारवाडच्या बाजूचा कशिदा मात्र वेगळ्या जातीचा आहे. त्यात कापडावर नक्षी आधी काढून घेत नाहीत, धागे मोजूनच गोपुर, रथ, तुळशीवृंदावन उतरवतात आणि गवंती टाका तर मागून-पुढून सारखाच दिसतो. असे मोजकाम एकमेकींच्या शेजारी बसून, बघून बघूनच शिकता येते. विदर्भ-मराठवाड्यातील बंजारा तांड्यांवरही फेटिया (घागरा) आणि कांचळी (चोळी) यांवरचे आरसे-कवड्यांचे काम लेकींच्या हाती असेच आले.

एकोणिसाव्या शतकात या कामाला शाळेचे वळण मिळाले. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार 1827 च्या अखेरीस मुंबईत आल्या आणि पुढे अहमदनगरलाही त्यांनी मुलींच्या शिक्षणाचे काम केले. मिशनच्या कन्याशाळांत वाचन-लेखनाबरोबर सुईकाम हा विषय असे आणि ज्या घरांना मुलीने अक्षर शिकणे रुचत नव्हते, त्यांना निदान शिवण शिकते हे समाधान वाटत असे. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केले आणि पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये निराधार स्त्रियांच्या हाताला जे उद्योग दिले, त्यांत शिवण आणि भरतकाम होते. रमाबाई रानडे यांनी मुंबईच्या वास्तव्यात स्त्रियांसाठी भाषा, शिवण आणि हस्तकाम यांचे वर्ग चालवले आणि 1909 मध्ये पुण्यात सेवासदन उभे राहिल्यावर त्या कामाला कायमचे घर मिळाले. विधवा आणि परित्यक्ता स्त्रीला चार पैसे मिळवता येणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. या वर्गांचे मोल त्या कमाईत आहे, आणि ते कमी लेखता येणार नाही.

पण त्याबरोबर एक गोष्ट बदलली. वर्गात प्रत्येकीचा नमुना वेगळा असतो, कारण तो तपासायचा असतो. साखळी टाका, देठ टाका, गाठीचा टाका, काश्मिरी टाका, उलटी टीप असे एकेक चौकोनी नमुने वहीत चिकटवून त्याखाली नाव लिहायचे, ही पद्धत रूढ झाली. अनेक घरांत अशा वह्या अजून ट्रंकेत सापडतात. एकत्र बसणे राहिले, पण कापड वाटले गेले. घराघरांत पायमशीन आल्यावर गोधडीचेही काम एका माणसाचे झाले.

स्वातंत्र्यानंतर 2 ऑक्टोबर 1952 रोजी सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि गावोगावी महिला मंडळे निघाली. बहुतेक मंडळांचा पहिला उपक्रम शिवणवर्ग हाच असे. रिंगमध्ये ताणलेले कापड, कार्बनपेपरने उतरवलेली वेल, रंगीत धाग्यांच्या लड्या आणि दिवाणखान्यात लावायचे ‘सुस्वागतम्’ हे त्या पिढीच्या ओळखीचे आहे. 1975 मध्ये महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन झाले, पुढे बचत गट वाढले आणि दुपारच्या बैठकीत बचतीचे हप्ते, कर्ज, मालाची मागणी हे विषय आले. 2020 मध्ये टाळेबंदीच्या काळात अनेक बचत गटांनी कापडी मुखपट्ट्या शिवल्या, तेव्हा वर्षानुवर्षांचा हा सराव एकाएकी सार्वजनिक गरजेचा ठरला.

आताच्या मंडळांनी हाती घेतलेली सामूहिक कापडे या दोन्ही परंपरांतून आली आहेत. प्रत्येक जण आपापला चौकोन घरी भरते, म्हणजे शाळेची वही कायम आहे, आणि मग सगळे चौकोन जमिनीवर मांडून जोडले जातात, म्हणजे गोधडीही परतली आहे. खरी चर्चा मांडणीच्या वेळी होते. कुणाचा लाल गडद, कुणाचे कापड आटलेले, कुणाचा कच्छी टाका शेजारच्या नाजूक कशिद्याला दाबून टाकणारा. चौकोन फिरवून पाहिले जातात, एखादा उसवावा लागतो. अस्तर लावून काठापासून धावदोरा आत येऊ लागला, की पूर्वीसारखीच सगळ्यांची जागा कमी कमी होत जाते. मधोमध पोचल्यावर एकाच हाताला पुरेल एवढी जागा उरते आणि शेवटची गाठ कुणी मारायची हे तिथे बसलेल्या बायकाच ठरवतात.