शाळेच्या फाटकापाशी अडलेली मदत

१९३४ साली मुंबईत र. धों. कर्व्यांवर अश्लीलतेचा दुसरा खटला भरला गेला. यावेळी निमित्त झालं ते वाचकांच्या पत्रांना दिलेल्या उत्तरांचं. त्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकाकडे लोक असे प्रश्न पाठवत, जे घरात काय, डॉक्टरलाही विचारायची सोय नव्हती. त्यात हस्तमैथुनाबद्दलचे प्रश्न असत, तसेच समलिंगी संबंधांबद्दलचेही. कर्वे आडपडदा न ठेवता, विज्ञानाला धरून छापील उत्तर देत. त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयाला वाहिलेल्या मासिकाला वाचकांनी त्याच विषयावर प्रश्न विचारले तर संपादकाने उत्तर का देऊ नये, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. समलिंगी आकर्षणाबद्दल त्यांनी हॅवलॉक एलिससारख्या संशोधकाचा आधार दिला. खटला हरले. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला.

समलिंगी, द्विलिंगी, ट्रान्स किंवा अजून स्वतःलाच नीट न उमगलेल्या मुलामुलींना आधार कोणी द्यायचा, हा प्रश्न आज नव्याने आल्यासारखा मांडला जातो. भारतात तरी तो जुना आहे. आधार उभाही राहिला, पण जिथे मूल दिवसाचे पाच-सहा तास काढतं त्या शाळेच्या बाहेर, आणि बहुतेकदा वयाच्या अठरानंतर.

संस्था, ट्रस्ट, हेल्पलाइन हे सगळं यायच्या आधी घराबाहेर काढलेल्या 'बायकी' मुलाला आसरा देणारी एकच रचना होती: हिजड्यांची घराणी, त्यातली गुरू-चेल्याची परंपरा. दक्षिण महाराष्ट्रात यल्लम्माला सोडलेल्या जोगत्यांचाही एक गोतावळा होता. या परंपरांकडे आपण कुतूहलाने किंवा भीतीने पाहिलं, पण निराधार पोराला छप्पर, दोन वेळचं जेवण आणि 'माझी' म्हणणारं माणूस तिथेच मिळालं. त्याची किंमत मात्र ठरलेली असे. शाळा सुटायची ती कायमची, आणि पुढे बधाई (लग्न-बारशाला आशीर्वाद देऊन पैसे घेणं), मंगती (भीक मागणं) नाहीतर देहविक्रय एवढ्याच वाटा उरायच्या.

आजच्या अर्थाचं संघटित काम सुरू झालं १९९० च्या दशकात. अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक काढलं आणि १९९४ मध्ये 'हमसफर ट्रस्ट' उभा राहिला. पुढे सांताक्रूझ पूर्वेला वाकोल्यातल्या महापालिकेच्या इमारतीत ट्रस्टला जागा मिळाली. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ अजून जिवंत असताना एका सरकारी यंत्रणेने समलिंगी पुरुषांच्या संस्थेला छप्पर दिलं, याचं आजही नवल वाटतं. पण ते प्रेमापोटी नव्हतं. एड्सची साथ होती, आणि ज्या पुरुषांपर्यंत आरोग्य खातं पोहोचू शकत नव्हतं त्यांच्यापर्यंत पोहोचणारं कुणीतरी हवं होतं.

एड्स नियंत्रणाचा पैसा आला आणि कामाला त्याच पैशाचं वळण लागलं. मोजदाद व्हायची ती प्रौढ पुरुषांची, तपासण्यांची, वाटलेल्या निरोधांची. मुलींवर प्रेम करणाऱ्या मुली या हिशेबात बसतच नव्हत्या. त्यांच्यासाठी १९९५ मध्ये मुंबईत 'स्त्री संगम' हा गट सुरू झाला (त्याचंच पुढे 'लेबिया' झालं), तो जवळजवळ पदरमोडीवर. १९९८ पासून 'गे बॉम्बे' इंटरनेटच्या आधाराने माणसं जोडू लागलं. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये 'समपथिक ट्रस्ट' स्थापन केला आणि मराठीतून बोलणं, लिहिणं, समुपदेशन सुरू केलं. माझ्या मते या कामाची दखल फार कमी घेतली गेली. मुंबईतल्या इंग्रजी वर्तुळात जे शब्द रुळले होते, ते सोलापूर किंवा साताऱ्याहून फोन करणाऱ्या मुलाला परके होते. नागपुरात 'सारथी ट्रस्ट'ने विदर्भातल्या लोकांसाठी असंच काम उभं केलं.

मग यातल्या कुणी शाळकरी मुलांना का नाही बोलावलं? कारण भीती होती, आणि ती खोटी नव्हती. जुलै २००१ मध्ये लखनौ पोलिसांनी एड्स प्रतिबंधाचं काम करणाऱ्या संस्थांच्या कार्यकर्त्यांना अटक केली. त्यांच्याकडचं आरोग्यशिक्षणाचं साहित्य अश्लील ठरवलं, ३७७ लावलं आणि त्यांना सुमारे दीड महिना तुरुंगात ठेवलं. प्रौढांसाठी काम करणाऱ्यांची ही गत, तर पंधरा वर्षांच्या मुलाला कार्यालयात बसवून बोलणाऱ्यावर 'पोरं बिघडवतो' म्हणून काय काय आलं असतं? गटांच्या बैठकांना अठरा वर्षांची अट आली ती अशी. २०१२ मध्ये पॉक्सो कायदा आला. बालकांच्या संरक्षणासाठी तो हवाच होता. पण त्यात संमतीचं वय अठरा आणि गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणं सक्तीचं, त्यामुळे सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी आपसातल्या नात्याबद्दल तोंड उघडलं तरी समुपदेशक अडचणीत सापडतो. ही अट मग आणखी घट्ट झाली. २०१० च्या सुमारास हमसफरच्या छायेत 'यारियाँ' हा तरुणांचा गट निघाला, तोही कॉलेजच्या वयाच्या पोरांचा. तेरा ते सतरा ही वर्षं कुणाच्याच वाट्याला आली नाहीत.

शाळेचं दार एकदा किलकिलं झालं होतं. केंद्राने राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या साथीने शाळांसाठी किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आणला होता. समलैंगिकतेबद्दल त्यात फारसं काही नव्हतंच, पण शरीराबद्दल वर्गात बोलायची एक सुरुवात तरी होती. २००७ मध्ये त्यातल्या चित्रांवरून आणि मजकुरावरून गदारोळ झाला आणि एकामागून एक राज्यांनी तो थांबवला. पुरोगामी म्हणवणारा महाराष्ट्र त्यात होता. २००९ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीनेही शाळेत लैंगिक शिक्षण नको असाच अहवाल दिला. त्याच वर्षी जुलैमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना ३७७ मधून वगळलं. संसद आणि न्यायालय एकाच वर्षात दोन दिशांना निघाले होते.

शाळेत नेमकं काय घडतं, हे बाहेरून पाहणाऱ्याला सहसा दिसत नाही. प्रार्थनेला मुलांची रांग वेगळी, मुलींची वेगळी. पीटीच्या तासाला तेच, स्नेहसंमेलनाच्या नाचात तेच. हातवारे जरा नाजूक असले की 'बायल्या', आवाज फुटला नाही की 'छक्का', आणि वर्ग हसतो तेव्हा सरही हसतात. मधल्या सुट्टीत मुतारीत जायला नको म्हणून दिवसभर पाणी न पिणारी मुलं असतात. युनेस्कोने तामिळनाडूत केलेला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की त्यात बोललेल्या समलिंगी, ट्रान्स आदी तरुणांपैकी ६० टक्क्यांना शाळेत असताना शारीरिक त्रास झाला होता, आणि शाळेकडे तक्रार केली ती फक्त १८ टक्क्यांनी. तक्रार करणाऱ्यांतल्या काहींना उलट, तुझंच वागणं बदल, असं सांगण्यात आलं. बाकीच्यांनी तोंड का उघडलं नाही, हे यावरून कळतं.

दुसरा पेच कागदाचा. आपल्याकडे माणसाची ओळख शाळेच्या जनरल रजिस्टरातून निघते. तिथलं नाव आणि लिंग शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जातं, तिथून दहावीच्या बोर्डाच्या प्रमाणपत्रावर, मग कॉलेज, जात प्रमाणपत्र, नोकरी. पुढे एखाद्या ट्रान्स तरुणाने राजपत्रात नाव बदलून घेतलं तरी दाखल्यावरचं जुनं नाव प्रत्येक खिडकीवर त्याच्या आधी पोहोचलेलं असतं.

या कागदाला पहिला मोठा धक्का दिला तो १५ एप्रिल २०१४ च्या 'नालसा' निकालाने. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या (नालसा) याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. राधाकृष्णन आणि न्या. सिक्री यांनी आपला लिंगभाव ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला दिला. ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी आणि मुंबईत 'सखी चारचौघी' चालवणाऱ्या गौरी सावंत या दोघी त्या लढाईत होत्या. निकालात शिक्षणात आरक्षणाचाही आदेश होता, तो बहुतांशी कागदावरच राहिला. पुढे २०१९ चा तृतीयपंथी हक्क संरक्षण कायदा आला. ट्रान्स समाजातूनच त्याला कडाडून विरोध झाला, आणि त्यातल्या बऱ्याच हरकती रास्त होत्या. तरी शाळांच्या दृष्टीने त्यात एक कामाचं कलम आहे: सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने भेदभाव न करता सर्वसमावेशक शिक्षण, खेळ आणि करमणुकीच्या संधी द्यायच्या. आडकाठी अशी की अल्पवयीनाला ओळखपत्र हवं असेल तर अर्ज पालकांनीच करायचा. ज्या घरात हा विषय काढला की पट्टा निघतो, तिथल्या मुलाने काय करायचं?

दिल्ली उच्च न्यायालयाचा २००९ चा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये फिरवला होता; ६ सप्टेंबर २०१८ ला त्याच न्यायालयात ३७७ चा प्रश्न प्रौढांपुरता सुटला. शाळांचा विषय पुन्हा वर आला तो २०२१ मध्ये, आणि तोही आडवाटेने. मदुराईहून दोन तरुणी चेन्नईला पळून आल्या, घरच्यांनी हरवल्याच्या तक्रारी दिल्या, पोलिसांचा ससेमिरा लागला, म्हणून त्यांनी मद्रास उच्च न्यायालयात धाव घेतली. न्या. आनंद वेंकटेश यांनी तेव्हा एक दुर्मीळ गोष्ट केली. या विषयाची आपल्याला समज नाही असं उघड म्हणून ते स्वतः समुपदेशकाकडे जाऊन बसले. ७ जून २०२१ च्या आदेशात त्यांनी लैंगिक कल 'बरा' करण्याच्या उपचारांना मनाई केली आणि शाळा-कॉलेजांसाठीही सूचना दिल्या: सर्वांना वापरता येईल असं स्वच्छतागृह, कागदपत्रांवर नाव-लिंग बदलायची सोय, अर्जावर स्त्री-पुरुषांसोबत तिसरा रकाना, पालक-शिक्षक संघांत जागृती. पुढच्या वर्षी राष्ट्रीय वैद्यक आयोगाने अशा उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं, त्याचं मूळही याच खटल्यात आहे.

२०२१ च्याच शेवटी एनसीईआरटीने (शालेय पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या केंद्रीय संस्थेने) ट्रान्स मुलांना शाळेत सामावून घेण्याबद्दल शिक्षकांसाठी एक प्रशिक्षण पुस्तिका संकेतस्थळावर टाकली. गणवेश, स्वच्छतागृहं, मुलामुलींना कारण नसताना वेगळं बसवण्याची सवय अशा रोजच्या गोष्टींबद्दल तिच्यात लिहिलं होतं. काही दिवसांतच राष्ट्रीय बालहक्क आयोगाकडे तक्रार गेली, आयोगाने विचारणा केली आणि पुस्तिका उतरवली गेली. यावर न्या. वेंकटेश यांनी खटल्यातच नाराजी व्यक्त केली. २०२३ च्या सुरुवातीला नवा मसुदा आला, पण त्याचा सूर पुष्कळच सावध होता. मला यात २००७ चीच पुनरावृत्ती दिसते. आक्षेप घेणाऱ्यांचा मुद्दा दोन्ही वेळी एकच, की मुलांच्या मनात नसलेलं भरवू नका. ते ज्याच्या मनात आधीपासून आहे त्या मुलाचं काय, हे दोन्ही वेळी कुणी विचारलं नाही.

कॉलेजांचं बरं चाललं आहे. आयआयटी मुंबईत 'साथी' हा गट आहे, टाटा समाजविज्ञान संस्थेत लिंगनिरपेक्ष वसतिगृहाची सोय झाली, आणि २०१६ मध्ये यूजीसीने रॅगिंगच्या व्याख्येत लैंगिक कल आणि लिंगओळख घातली. पालकही एकत्र आले. ३७७ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या पालकांत मराठी रंगभूमीवरच्या चित्रा पालेकर होत्या. २०१७ पासून मुंबईतला 'स्वीकार' हा पालकांचा गट, मुलाने घरी सांगितल्यावर हादरलेल्या आईबापांना भेटतो. हे काम कुठल्याही समुपदेशकापेक्षा वरचढ ठरतं, कारण समोर बसलेली बाई त्यातूनच गेलेली असते.

शाळकरी मुलाच्या हाताशी आज काय आहे? १९९६ मध्ये टाटा संस्थेतूनच सुरू झालेली मुलांसाठीची हेल्पलाइन, चाइल्डलाइन, १०९८. २०२२ पासून सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेली-मानस, १४४१६. टाटा संस्थेची 'आयकॉल' ही समुपदेशन सेवा. केंद्राची 'गरिमा गृहं' हे निवारे आहेत, पण ती अठरा वर्षांवरच्या ट्रान्स व्यक्तींसाठी. महाराष्ट्रात मात्र एक तयार चौकट पडून आहे: मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने प्रत्येक शाळेत नेमायची 'सखी सावित्री समिती', जिच्यात मुख्याध्यापक, शिक्षिका, समुपदेशक, पालक आणि विद्यार्थीही असतात. २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याची घटना घडल्यावर ती किती शाळांत नुसती फलकावर आहे ते राज्याला कळलं. तिच्या कामात चिडवणं आणि लिंगओळखीवरून होणारा छळ हे दोन विषय घालायला नवा कायदा लागत नाही.

पाठ्यपुस्तकांचा वाद आता पुन्हा न्यायालयात आहे. दिल्लीहून आलेली एक याचिका म्हणते की नालसा निकालाला इतकी वर्षं झाली तरी एनसीईआरटी आणि बहुतेक राज्यांच्या पुस्तकांत लिंगओळखीचा धडा नाही, आणि तपासलेल्या राज्यांत महाराष्ट्रही आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर केंद्राला आणि काही राज्यांना नोटिसा काढल्या. याचिका करणारी व्यक्ती तेव्हा १६ वर्षांची होती, बारावीत शिकणारी.