शुमाकर येण्याआधीची जॉर्डन १९१

जॉर्डन १९१ म्हटलं की बहुतेकांना एकच गोष्ट आठवते, पुढे सात वेळा चॅम्पियन झालेल्या मायकल शुमाकरची पहिली एफ वन (फॉर्म्युला वन) गाडी. हिरवी, सेव्हन अपचं नाव लिहिलेली, ३२ नंबरची. पण शुमाकरने रेसमध्ये ही गाडी एक अख्खी लॅपसुद्धा चालवली नाही, आणि लोकं मात्र तिला त्याच्याच नावाने ओळखतात. मला मनापासून वाटतं की शुमाकर कधी आलाच नसता तरी ही गाडी तेवढीच मोठी ठरली असती. म्हणून ती आली कुठून, काढली कोणी आणि १९९१च्या त्या एका सीझनमध्ये तिने काय काय केलं ते जरा मागून सांगतो.

एडी जॉर्डन डब्लिनचा, बँकेत क्लार्क होता. १९७० साली आयर्लंडमध्ये बँकांचा मोठा संप झाला तेव्हा तो काम शोधत जर्सी बेटावर गेला आणि तिथे त्याने पहिल्यांदा कार्ट रेसिंग बघितलं, मग ते वेड कधी सुटलंच नाही. ड्रायव्हर म्हणून बऱ्यापैकी होता, पण त्याचा खरा हात होता माणसं ओळखण्यात आणि पैसे उभे करण्यात. १९८३ला ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीमध्ये आयर्टन सेनाला शेवटच्या रेसपर्यंत झुंजवणारा मार्टिन ब्रंडल जॉर्डनच्या टीमचा, आणि १९८९ला जाँ अलेसी फॉर्म्युला ३०००चा चॅम्पियन झाला तोही जॉर्डनच्याच गाडीत. त्यानंतर पुढची पायरी म्हणजे एफ वन, आणि तिथे स्वतःची गाडी स्वतःच बनवावी लागते, विकत घेऊन चालत नाही.

ती गाडी काढायला त्याने गॅरी अँडरसनला घेतलं. हा उत्तर आयर्लंडचा, मोठ्या डिग्रीवाला नाही, ब्रॅबम आणि मॅक्लारेन या टीममध्ये मेकॅनिक म्हणून हाताला ग्रीस लावून शिकलेला माणूस. त्याच्या जोडीला अँड्र्यू ग्रीन आणि मार्क स्मिथ हे दोन तरुण इंजिनिअर. झालं, एवढंच डिझाइन ऑफिस! तीन माणसांनी अख्खी ग्रां प्री गाडी काढली. आज एकेका टीममध्ये शेकडो इंजिनिअर बसतात हे डोळ्यासमोर आणा म्हणजे त्या तिघांनी काय केलं ते कळेल.

आता गाडी जवळून बघू. १९९०मध्ये टिरेल टीमच्या ०१९ गाडीने नाक वर उचलायची आयडिया आणली होती, म्हणजे नाकाखालून हवा जास्त जाईल आणि गाडीच्या तळाला नीट पोचेल. अँडरसनने तो धागा पकडला पण आपल्या पद्धतीने. १९१चं नाक थोडंसंच उचललेलं, आणि पुढची विंग मध्ये उंच आणि दोन्ही बाजूंना वळत खाली उतरलेली, अगदी खाली वळवलेल्या मिशीसारखी, नाक कुठे संपलं आणि विंग कुठे सुरू झाली ते पटकन कळत नाही. मागे साइडपॉड, म्हणजे दोन्ही बाजूंचे फुगीर भाग, हळूहळू आत येत निमुळते होतात. कुठेही जोडकाम केल्यासारखं वाटत नाही. पण हे नुसतं दिसण्यासाठी नव्हतं. अँडरसनचं म्हणणं साधं होतं, ड्रायव्हरला गाडीवर विश्वास वाटला पाहिजे. एखाद्याच ट्रॅकवर एखाद्याच सेटिंगला उडणारी गाडी छोट्या टीमला परवडत नाही, कारण सेटिंग शोधत बसायला ना वेळ असतो ना माणसं.

इंजिन फोर्ड कॉसवर्थ एचबी, साडेतीन लिटरचं व्ही एट. मॅक्लारेनकडे होंडाचं व्ही ट्वेल्व्ह, विल्यम्सकडे रेनॉचं व्ही टेन, त्यांच्यापुढे ताकद कमीच, आणि वर फोर्डची लाडकी टीम बेनेटन, म्हणजे जॉर्डनला मिळणार एक पायरी मागचं, विकतचं इंजिन. पण हे इंजिन छोटं, हलकं, पेट्रोल कमी पिणारं. तेव्हा रेसमध्ये मध्येच पेट्रोल भरायची परवानगी नव्हती, सगळं सुरुवातीलाच टाकीत घ्यायचं, त्यामुळे कमी पिणारं इंजिन म्हणजे स्टार्टलाच हलकी गाडी. गिअरबॉक्स मात्र साधा हाताने टाकायचा सहा गिअरचा. फेरारी आणि विल्यम्स स्टिअरिंगमागच्या पॅडलवर गेले होते, पण त्याला लागणारा पैसा इथे कुठून आणायचा.

नोव्हेंबर १९९०मध्ये सिल्व्हरस्टोनला जुना एफ वन ड्रायव्हर जॉन वॉटसनने ती पहिल्यांदा चालवली, तेव्हा रंगसुद्धा नव्हता, नुसतं काळं कार्बन फायबर. नाव आधी ९११ ठेवलं होतं, पोर्शने हरकत घेतली म्हणून उलटंपालटं करून १९१ झालं. कॅमल सिगारेटच्या पिवळ्या रंगात त्यांच्या फॉर्म्युला ३०००च्या गाड्या धावल्या होत्या, एफ वनसाठी तो पैसा आला नाही, मग सेव्हन अप आणि फुजीफिल्म मिळाले आणि हिरवा रंग आला. आयरिश टीमला हिरवा रंग, याहून चांगलं काय जुळणार. ड्रायव्हर दोन, बेल्जियमच्या लायसन्सवर धावणारा बर्ट्रांड गाशो आणि इटलीचा आंद्रेया दे चेझारिस, जो गाड्या आपटण्यासाठी इतका बदनाम होता की त्याला घेतलं म्हणून लोकं जॉर्डनलाच वेड्यात काढत होती.

आणि मग प्री-क्वालिफाइंग. हे आज कोणाला माहीतच नसतं. १९९१ला १८ टीम, ३४ गाड्या, ट्रॅकवर एवढ्यांना जागाच नाही. म्हणून नव्या आणि मागे पडलेल्या टीमच्या आठ गाड्यांनी शुक्रवारी सकाळी आठला, बाकीचे अजून चहा-कॉफी घेत असताना, एक तास धावायचं. पहिल्या चार गाड्या पुढे क्वालिफाइंगला, म्हणजे स्टार्टच्या जागा ठरवायच्या फेरीला, उरलेल्या चार सामान बांधून घरी. म्हणजे हजारो किलोमीटर प्रवास करून, शुक्रवारी सकाळी नऊला तुमचा वीकेंड संपलेला. मार्चमध्ये फीनिक्सला पहिल्याच रेसला दे चेझारिसचं तेच झालं, गिअर चुकला, इंजिन बिघडलं, घरी. गाशो मात्र पुढे गेला, १४व्या जागेवरून सुटला, शेवटी शेवटी इंजिन गेलं तरी दहावा नंबर लागला.

त्यानंतर मात्र प्री-क्वालिफाइंगमध्ये जॉर्डनची गाडी पुन्हा कधी अडकली नाही. आणि जूनमध्ये माँट्रियलला, फक्त पाचव्या रेसला, दे चेझारिस चौथा आणि गाशो पाचवा! तेव्हा पॉइंट फक्त पहिल्या सहा जणांना मिळायचे, त्यामुळे दोन्ही गाड्या पॉइंटमध्ये येणं म्हणजे केवढी गोष्ट. पुढे मेक्सिकोला दे चेझारिस परत चौथा, फ्रान्सला सहावा, सिल्व्हरस्टोनला गाशो सहावा, जर्मनीत पाचवा-सहावा दोघं. सीझनच्या मध्यावर पॉइंट बघून प्री-क्वालिफाइंगची यादी बदलायची, त्यात जॉर्डन बाहेर पडली, शुक्रवारची सकाळ एकदाची संपली. बुडापेस्टला तर रेसमधली सगळ्यात फास्ट लॅप गाशोची, मॅक्लारेनच्या सेना आणि विल्यम्सच्या मॅन्सेलपेक्षा फास्ट. आणि ज्याला आपटणारा म्हणून हिणवलं तो दे चेझारिस त्या वर्षी आयुष्यातल्या सगळ्यात शहाण्या रेस चालवत होता.

मग ऑगस्टमध्ये गाशो तुरुंगात गेला. आधीच्या डिसेंबरमध्ये लंडनला एका टॅक्सीवाल्याशी भांडण झालं होतं, त्यात याने त्याच्या तोंडावर सीएस गॅस (अश्रुधूर) मारला, कोर्टाने १८ महिने दिले, अपिलानंतर दोन महिन्यांत सुटला पण सीट गेली ती गेलीच. पुढची रेस बेल्जियमची, त्याचीच घरची. रिकाम्या सीटवर मर्सिडीजने पैसे भरून आपला २२ वर्षांचा स्पोर्ट्सकार ड्रायव्हर बसवला. स्पा, म्हणजे बेल्जियमच्या रेसचा ट्रॅक, माहितीये का असं विचारल्यावर त्याचा मॅनेजर विली वेबर हो म्हणाला, प्रत्यक्षात शुमाकर तिथे कधीच धावला नव्हता, सायकलवरून त्याने ट्रॅक बघितला. आणि क्वालिफाइंगला थेट सातवा, दे चेझारिस अकरावा. रेसमध्ये स्टार्टलाच क्लच जळला, पहिल्याच लॅपमध्ये संपलं.

सगळे इथे थांबतात, पण त्या दिवशीची खरी रेस दुसऱ्या हिरव्या गाडीची होती. २५ ऑगस्ट १९९१, पुढचे एकेक करून गळत गेले आणि अकराव्या जागेवरून सुटलेला दे चेझारिस दुसरा, पुढे फक्त सेना, आणि सेनाचा गिअरबॉक्स त्रास देत होता. प्री-क्वालिफाइंगमधून आलेली टीम, तीन माणसांनी काढलेली गाडी, विकतचं इंजिन, आणि समोर मॅक्लारेन. तीन-चार लॅप उरले होते तेव्हा इंजिन गेलं. अँडरसनने नंतर सांगितलं की कॉसवर्थने इंजिनात बदल केले होते, त्यामुळे ते जास्त ऑइल खात होतं आणि हे टीमला माहीत नव्हतं. थोडं जास्त ऑइल भरलं असतं तर, हा विचार माझ्या डोक्यातून अजून जात नाही. दे चेझारिस कारकिर्दीत एकूण २०० पेक्षा जास्त ग्रां प्री धावला आणि एकही न जिंकता गेला, स्पाच्या त्या दुपारी तो जिंकण्याच्या जितका जवळ होता तितकं फार कमी वेळा नशिबात आलं.

शुमाकरला दोन आठवड्यांत बेनेटनने उचललं. त्याने आधी जॉर्डनला सही करून दिलेल्या पत्रात 'हाच करार' ऐवजी 'एखादा करार' करू असा शब्द होता, म्हणजे पक्कं बांधून घेणारं काही नाही, जॉर्डन कोर्टात गेला आणि हरला. बेनेटनने काढलेला रॉबर्टो मोरेनो दोन रेस जॉर्डनमध्ये, मग अलेक्स झनार्डी शेवटच्या तीन. वर्षाच्या शेवटी १३ पॉइंट, कन्स्ट्रक्टर्समध्ये, म्हणजे टीमच्या यादीत, पाचवी जागा, टिरेलपेक्षा एक पॉइंट वर, पहिल्याच वर्षात.

पण पैसे संपले होते. इंजिनाची बिलं थकली, म्हणून पुढच्या वर्षी यामाहाचं फुकट मिळणारं व्ही ट्वेल्व्ह घ्यावं लागलं, ते जड आणि नाजूक, १९९२ला अख्ख्या सीझनमध्ये मिळून एक पॉइंट, तोही शेवटच्या रेसला ॲडलेडमध्ये ड्रायव्हर स्टेफानो मोडेनाने आणला. टीम मात्र टिकली. १९९८ला स्पाच्याच पावसात डेमन हिल आणि राल्फ शुमाकर पहिला-दुसरा, जॉर्डनचा पहिला विजय. २००५ला आपला नारायण कार्तिकेयन याच टीममधून एफ वनमध्ये आला. मग टीम विकली गेली, मिडलंड, स्पायकर आणि २००८ला विजय मल्ल्याची फोर्स इंडिया. मुंबईचा जेहान दारूवाला याच फोर्स इंडियाच्या टॅलेंट हंटमधून पुढे आला, आणि १९१च्या तिघांपैकी अँड्र्यू ग्रीन तिथे टेक्निकल डायरेक्टर झाला. आज तीच टीम ॲस्टन मार्टिन म्हणून सिल्व्हरस्टोनलाच आहे, आणि गाडी परत हिरवी.

फोर्स इंडियाने पहिले पॉइंट कुठे मिळवले माहितीये? ऑगस्ट २००९, स्पा. त्यांचा ड्रायव्हर फिसिकेला पोलवरून, म्हणजे सगळ्यात पुढून, सुटला आणि रायकोनेनच्या फेरारीमागे एक सेकंदाच्या आत दुसरा आला. दे चेझारिसच्या हातून निसटलेली तीच जागा, त्याच ट्रॅकवर, १८ वर्षांनी.