अनुराधापुर की पोलोन्नरुवा? श्रीलंकेच्या छोट्या सहलीत कोणतं प्राचीन शहर घ्यावं

श्रीलंकेचा सहा-सात दिवसांचा बेत आखायला बसलं की कँडी ठरते, गॉल ठरतं, सिगिरियाचा खडक तर सगळ्यांनाच हवा असतो. मग नकाशावर 'प्राचीन शहर' म्हणून दोन नावं समोर येतात आणि गाडी तिथेच अडते. अनुराधापुर आणि पोलोन्नरुवा. दोन्ही सिंहली राजांच्या राजधान्या. दोन्हीकडे विटांचे प्रचंड स्तूप, दगडातले बुद्ध, खांबांची रानं आणि समुद्रासारखे तलाव. जागतिक वारसा यादीतही दोन्ही १९८२ सालीच आली. फोटो पाहून कुठला कुठचा हे ओळखणं अवघड जातं, म्हणून बरेच जण दोन्ही घेतात. मग दोन दिवस भर उन्हात स्तूप मोजले जातात आणि तिसऱ्या स्तूपापासून घरचे गाडीतच बसून राहतात.

माझं मत आधीच सांगते. सहल छोटी असेल आणि कँडी-गॉलसारखी देखणी गावंही बघायची असतील, तर दोन्हींपैकी एकच घ्या. बहुतेकांसाठी ते पोलोन्नरुवा असावं. पण काही जणांनी मात्र अनुराधापुरच घ्यावं, आणि त्यांनी त्यात अजिबात तडजोड करू नये.

फरक फक्त वयाचा नाही

अनुराधापुर जुनं, पोलोन्नरुवा नंतरचं, एवढं सगळीकडे वाचायला मिळतं. ते खरंच आहे. अनुराधापुर इसवी सनापूर्वी चौथ्या शतकापासून अकराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत, मधले काही खंड सोडले तर, राजधानी होतं. इ.स. ९९३ मध्ये राजराज चोळाच्या फौजांनी ते लुटलं, १०१७ मध्ये पाचवा महिंद हा राजाच चोळांच्या हाती लागला. चोळांनी आपला कारभार पूर्वेला पोलोन्नरुवाला हलवला. पहिल्या विजयबाहूने १०७० मध्ये त्यांना हुसकावलं, पण राजधानी तिथेच राहू दिली. बाराव्या शतकात पहिला पराक्रमबाहू आणि त्यानंतर निश्शंकमल्ल यांनी तिथे झपाट्याने बांधकामं केली. १२१५ मध्ये कलिंगाच्या माघाची स्वारी आली आणि त्या शतकातच शहर ओस पडत गेलं. म्हणजे एकाकडे तेराशेहून जास्त वर्षं, दुसऱ्याकडे जेमतेम दोनशे.

प्रवाशाच्या दृष्टीने खरा फरक मात्र वेगळाच आहे. अनुराधापुरात आजही पूजा चालते. पोलोन्नरुवा बहुतांशी अवशेष म्हणूनच उरलं आहे. एकाच पद्धतीने दोन्ही पाहायला गेलं तर दोन्हीकडे विरस होतो.

अनुराधापुरातला रुवन्वेलिसाय स्तूप इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात दुट्टगामणी राजाने बांधायला घेतला. आज तो पांढराशुभ्र, डागडुजी केलेला, शंभर मीटरहून उंच उभा आहे. केवळ पडके अवशेष बघायला आलेल्याला तो 'नवीन' वाटतो. संध्याकाळी तिथे जा. पांढरे कपडे घातलेली कुटुंबं हातात कमळं घेऊन आलेली असतात. कधी एखादं कुटुंब लांबच लांब कापड डोक्यावर धरून स्तूपाला फेरी घालतं, आजोबांपासून कडेवरच्या बाळापर्यंत सगळे त्या कापडाखाली. जवळच जय श्री महाबोधी आहे, अशोककन्या संघमित्रेने बोधगयेहून आणलेल्या फांदीपासून वाढलेला पिंपळ. माणसाने लावलेल्या आणि लागवडीचा काळ नोंदलेल्या झाडांमध्ये तो जगात सर्वांत जुना मानला जातो. झाड बघायला फार मोठं नाही, फांद्यांना सोनेरी टेकू लावलेत, आणि लोक कुंपणाबाहेर तासन् तास बसलेले असतात. नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष याच झाडाच्या, भदन्त आनंद कौसल्यायन यांनी आणलेल्या फांद्यांपासून वाढलेला आहे. ज्यांच्या घरात धम्माची वाट आहे, त्यांनी सहलीचा अर्धा वेळ अनुराधापुरालाच द्यावा. तिथून साधारण तेरा किलोमीटरवर मिहिंतले आहे. अशोकपुत्र महिंद आणि देवानंपिय तिस्स राजा यांची भेट त्याच टेकडीवर झाली असं मानतात. तेही सोडू नका.

अनुराधापुराची अडचण त्याच्या पसाऱ्याची आहे. जेतवन स्तूप एकीकडे (महासेन राजाच्या काळातली त्याची मूळ उंची १२२ मीटर धरतात, गिझाच्या दोन पिरॅमिडनंतर त्या काळातली तिसरी उंच वास्तू), अभयगिरी हा भिक्षूंचा मठ दुसरीकडे, इसुरुमुनिय हे कातळातलं मंदिर तिसरीकडे. चिनी भिक्षू फाहियान पाचव्या शतकाच्या सुरुवातीला श्रीलंकेत दोन वर्षं राहिला आणि अभयगिरीचं वर्णन करून ठेवून गेला. तो परिसर आज झाडीत इतका विखुरला आहे की जाणकार वाटाड्या नसेल तर नुसते चौथरे आणि खांब दिसतात.

पोलोन्नरुवाला असं होत नाही. राजवाडा, मुख्य मंदिरांचा चौक, रंकोत वेहेर हा स्तूप, लंकातिलक हे मूर्तिघर, गल विहारातल्या कातळमूर्ती हे सगळं उत्तर-दक्षिण एका ओळीत येतं. सायकल भाड्याने घेतली की झाडांच्या सावलीतून आरामात होतं, आणि मुलांना तर ही सायकलच सगळ्यात आवडते. पराक्रमबाहूच्या राजवाड्याच्या भिंती इतक्या जाड आहेत की वरचे मजले कसे असतील याचा अंदाज खालूनच येतो. चौकात थोड्याच पावलांवर वटदागे (छोट्या स्तूपाभोवती बांधलेलं गोल मंदिर), हटदागे, लता मंडप आणि गलपोत. गलपोत म्हणजे आठ मीटरहून लांब एकच शिळा, तिच्यावर निश्शंकमल्लाने आपली कीर्ती कोरून घेतली. ही शिळा मिहिंतलेहून ओढत आणली असंही त्याने त्यातच लिहून ठेवलं आहे. चोळांनी बांधलेलं दगडी शिवमंदिर इथे जवळजवळ शाबूत आहे आणि तिथे आजही फुलं वाहिली जातात. विटांच्या या शहरात ते तामिळ घाटणीचं देऊळ चटकन ओळखू येतं.

पायरीपाशी थांबून बघा

दोन शहरांतला फरक ओळखायची माझी आवडती जागा म्हणजे पायऱ्यांच्या तळाशी बसवलेली अर्धवर्तुळाकार चंद्रशिला. अनुराधापुरच्या चंद्रशिलेवर ज्वाळांच्या कडेच्या आत एकाच पट्ट्यात हत्ती, सिंह, घोडा आणि बैल एकामागून एक धावतात, त्याच्या आत वेल, मग चोचीत देठ धरलेले हंस, मध्यभागी अर्धं कमळ. अभयगिरी भागातल्या, लोक ज्याला महासेनाचा राजवाडा म्हणतात त्या इमारतीपाशी हे काम फार सुरेख आहे. पोलोन्नरुवाच्या वटदागेपाशी गेलात की प्राण्यांचे पट्टे वेगवेगळे झालेले दिसतात, आणि बैल गायब असतो. शैव प्रभावाच्या काळात नंदीवर पाय पडू नये म्हणून तो काढला, असं सर्वसाधारण स्पष्टीकरण दिलं जातं. एवढं एक लक्षात ठेवलं तर फोटो पाहून शहर ओळखायला बरंच सोपं जातं.

आणि गल विहार. ग्रॅनाइटच्या एकाच कातळातून कोरलेल्या चार मूर्ती. निजलेले बुद्ध सुमारे १४ मीटर लांब, म्हणजे अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यातल्या महापरिनिर्वाण मूर्तीच्या जवळपास दुप्पट. घाईने फोटो काढून पुढे जाऊ नका. डोक्याखालची उशी बघा, वजनाने ती किंचित दबलेली कोरली आहे. मग पायांकडे या. वरचा पाय खालच्या पायापेक्षा जरासा मागे सरकलेला आहे, म्हणजे ही निद्रा नव्हे, परिनिर्वाण. शेजारी हात छातीवर घेऊन उभी असलेली सात मीटरची मूर्ती शोक करणाऱ्या आनंद या बुद्धशिष्याची आहे असं पूर्वी सांगत. आता बहुतेक अभ्यासक तीही बुद्धाचीच मानतात. वर छप्पर घातल्याने प्रकाश मंद असतो. सकाळी लवकर गेलात तर दगडाच्या नैसर्गिक रेषा चेहऱ्यावरून वाहताना नीट दिसतात.

बाकीच्या गावांशी जुळवताना

पोलोन्नरुवा निवडण्याचं दुसरं कारण रस्त्याचं आहे. मुक्काम सिगिरिया किंवा जवळच्या हबरन गावाला ठेवला तर पोलोन्नरुवा तासा-सव्वातासावर येतं. अनुराधापुर त्याहून लांब, तेही उलट्या दिशेला. पहिल्या दिवशी विमानतळावरून थेट हबरन गाठायचं. दुसरा दिवस पोलोन्नरुवाचा. तिसऱ्या दिवशी सिगिरिया उघडताच चढायचं, उतरून दम्बुल्लाची लेणी आणि संध्याकाळपर्यंत कँडी. चौथा दिवस कँडीत, तळ्याकाठी आणि दंतधातूच्या, म्हणजे बुद्धाच्या दाताच्या मंदिरात. हाच दंतधातू आधी अनुराधापुरला होता, मग पोलोन्नरुवाला, म्हणून राजधान्यांच्या मागोमाग जाणारा हा क्रम मला फार आवडतो. कँडीहून डोंगरातल्या एल्ला गावापर्यंतची रेल्वे मोहात पाडते, पण ती आख्खा दिवस खाते आणि पावसात दरडींमुळे बंदही पडते. छोट्या सहलीत ती नको.

उरलेले दोन दिवस गॉलला द्या. पोर्तुगीजांनी १५८८ मध्ये सुरू केलेला हा किल्ला १६४० मध्ये डचांनी घेतला आणि आजचा भक्कम तट त्यांचा. वसईचा किल्ला पाहिलेल्यांना बुरूज ओळखीचे वाटतील. फरक इतकाच की इथे आत लोक राहतात, शाळा भरते, मशिदीत अजान होते, तटावर संध्याकाळी क्रिकेट चालतं. २००४ च्या त्सुनामीत बाहेरच्या गावाची फार हानी झाली, तटाच्या आतलं बरंचसं वाचलं.

हवामानाचं गणित नीट बघा. अवशेष कोरड्या पट्ट्यात आहेत, तिथे पाऊस मुख्यतः ऑक्टोबर ते जानेवारी. गॉलकडे मेअखेरपासून सप्टेंबरपर्यंत. दोन्ही एकत्र साधायचं तर फेब्रुवारी-मार्च उत्तम. मेच्या सुट्टीत जायचं असेल तर पहिल्या पंधरवड्यात जा आणि अवशेष सकाळी दहाच्या आत उरका. खांदे-गुडघे झाकलेले कपडे लागतात, मंदिरांत चपला-टोपी काढावी लागते, आणि दुपारी दगड असा तापतो की पायमोज्यांची जादा जोडी जवळ हवीच. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका, ते तिथे खरोखर दुखावणारं आहे. तिकिटाच्या खिडकीवर पासपोर्ट दाखवा, सार्क देशांच्या नागरिकांना दर कमी असतो. गाडी चालकासह घेणार असाल तर चालकाच्या राहण्याची सोय हॉटेलात आहे का, ते बुकिंग करतानाच विचारा.

ज्यांना बोधिवृक्षासाठीच जायचं आहे, त्यांनी गॉल मोकळ्या मनाने वगळावं. कोलंबोहून अनुराधापुरला थेट रेल्वे आहे. तिथे दोन रात्री राहा, एक सकाळ मिहिंतलेला द्या, मग दम्बुल्लामार्गे कँडी. पौर्णिमेला, त्यातही जूनच्या पोसोनला, तिथे लाखोंची गर्दी असते आणि खोल्या कधीच भरलेल्या असतात. निवांत बसायचं असेल तर ती तारीख टाळा, आणि त्या गर्दीतच सामील व्हायचं असेल तर खोली कित्येक महिने आधी धरा.