गव्हाची क्षारसहनशीलता

मुळांभोवतीच्या पाण्यात विद्राव्य क्षार, त्यातही मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड, वाढले असता तग धरून दाणे भरण्याची गव्हाची क्षमता. धान्यपिकांत गहू भातापेक्षा काटक आणि सातूपेक्षा नाजूक समजला जातो. संपृक्त मातीच्या अर्काची, म्हणजे पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची, विद्युतवाहकता क्षारांबरोबर वाढते; ती दर मीटरला 4 डेसिसायमनच्या वर गेली की जमीन खारवट धरतात. गव्हाच्या उत्पादनाला सर्वसाधारणपणे 6 पर्यंत फारशी झळ लागत नाही. त्यापुढे दर एककामागे सुमारे 7 टक्के घट येते. हवा, ओल आणि वाण बदलले की हे आकडेही सरकतात.

क्षारांचा पहिला फटका बसतो तो तहानेचा. मातीत ओल असते, पण खारट पाणी मुळांना सहज ओढता येत नाही. मीठ पानापर्यंत पोचण्याआधीच, काही मिनिटांत, नव्या पानाची वाढ मंदावते आणि पर्णरंध्रे आखडतात. पुढे फुटवे कमी येतात. दाण्यांची संख्या इथेच घटते, आणि हे नुकसान नंतर गोडे पाणी देऊनही पुरते भरून निघत नाही.

दुसरा फटका सावकाश, दिवसांनी किंवा आठवड्यांनी दिसतो. रोप जवळून पाहिले तर सर्वांत खालचे पान टोकाकडून पिवळे पडून गवतासारखे वाळत आलेले असते, तर शेंड्याचे पान अजून हिरवे, किंचित निळसर झाक असलेले. पानातून पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. जे पान सर्वांत जास्त दिवस पाणी उडवत आले, त्यात ते सर्वांत जास्त साठते. जुनी पाने नवी येण्यापेक्षा वेगाने मरू लागली, की दाण्यांना अन्न पुरवणारी हिरवाई उरत नाही.

म्हणून गव्हाचा खरा बचाव मुळांत आहे. बहुतेक सोडियम मुळे बाहेरच रोखतात. जे आत शिरते, त्यातले बरेचसे जलवाहिन्यांलगतच्या पेशी वर जाणाऱ्या रसातून परत खेचून घेतात. हे काम एचकेटी या सोडियम वाहून नेणाऱ्या गटातील प्रथिने करतात. साध्या गव्हात ए, बी आणि डी असे तीन गुणसूत्रसंच असतात; त्यासाठीचे महत्त्वाचे जनुक 4डी, म्हणजे डी संचातील चौथ्या, गुणसूत्रावर आहे. बन्सी (ड्युरम) गव्हात डी गुणसूत्रसंचच नसतो, त्यामुळे त्याच्या पानांत सोडियम जास्त चढते. आइनकॉर्न या प्राचीन गव्हातले असे जनुक पारंपरिक संकराने बन्सी गव्हात आणल्यावर खारवट शेतात उत्पादन 25 टक्क्यांपर्यंत वाढल्याचे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 2012 मध्ये दाखवले.

मात्र पानातले कमी सोडियम हीच एकमेव कसोटी मानणे चुकीचे ठरेल. काही वाणांच्या पानांत ते भरपूर असूनही पीक टिकते. अशा वाणांच्या पेशी सोडियम रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या साठवणीच्या पोकळीत, कोंडतात आणि पेशीद्रवात प्रोलीन, ग्लायसीन बीटेन यांसारखी निरुपद्रवी द्रव्ये साठवून पाण्याचा तोल सांभाळतात. पोटॅशियम टिकवून धरणेही तितकेच मोलाचे. शेतात पाणी तुंबले तर प्राणवायूअभावी मुळांची रोखण्याची ताकद ढळते आणि सोडियम झपाट्याने वर चढते.

सहनशील वाणांत राजस्थानच्या खारवट भागातील देशी गव्हापासून आलेल्या खारचिया 65 चे स्थान मोठे आहे. कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने केआरएल मालिकेतील वाण घडवताना त्याचा उपयोग केला. अशी निवड शेतात करणे कठीण असते, कारण एकाच वाफ्यात चार पावलांवर क्षारांचे प्रमाण बदलते. उजाड पट्ट्यातले एखादे तजेलदार रोप सहनशील असेलच असे नाही. कधी कधी त्याच्या मुळांखालची माती तेवढी कमी खारट असते.