घरच्या कॉम्प्युटरला वेळ सांगतं कोण?

१९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी आला तेव्हा बंद केल्यावरही चालत राहील असं घड्याळ त्यात नव्हतंच. बटण दाबलं की डॉस, म्हणजे त्या काळची ऑपरेटिंग सिस्टिम, आधी तारीख विचारी, मग वेळ. कंटाळून नुसतं एंटर दाबणाऱ्यांचं यंत्र १ जानेवारी १९८० या दिवसात वावरू लागे, आणि त्यांच्या फायलींवर तीच तारीख पडे.

१९८४ च्या पीसी-एटीमध्ये मोटोरोलाची घड्याळाची चिप आणि तिला जागं ठेवणारी बॅटरी आली. आजच्या मदरबोर्डवरचा नाण्यासारखा चपटा सेल याच सोयीचा वारसदार. या घड्याळाचा जीव असतो एका स्वस्त क्वार्ट्झ क्रिस्टलमध्ये. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो; हा आकडा पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक उरतो, म्हणजे एक सेकंद मोजायला साधं सर्किट पुरतं. मनगटी घड्याळातही असाच क्रिस्टल असतो. पण दहा लाखांत वीस भागांची चूक, जी अशा क्रिस्टलमध्ये नेहमीचीच, दिवसाला पावणेदोन सेकंद आणि महिन्याला पाऊण मिनिटाहून जास्त होते. शिवाय तो साधारण २५ अंशांना नेमका चालेल असा कापलेला असतो. त्याहून गारठा असो की उकाडा, दोन्हीकडे तो मंदावतोच. मनगटावर तापमान फारसं हलत नाही, कॅबिनेटमध्ये हलतं. नागपूरच्या मे महिन्यात ४५ अंशांच्या खोलीत बंद पडून असलेला कॉम्प्युटर एवढ्याच कारणाने दिवसाला सेकंदभर मागे पडू शकतो.

त्यात गंमत अशी, की चालू असताना कॉम्प्युटर या चिपकडे बघतही नव्हता. डॉस सुरू होताना एकदा तिची वेळ वाचे आणि पुढे दुसऱ्याच एका टायमरचे सेकंदाला १८.२ ठोके मोजत बसे. एखाद्या प्रोग्रामने इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरचं लक्ष वेधणारे इशारे, रोखून धरले की काही ठोके मोजायचे राहून जात आणि घड्याळ मागे पडे.

गेल्या चाळीस वर्षांत या क्रिस्टलमध्ये फारसा फरक पडलेला नाही. सुधारणा झाली ती दुसरीकडे. पुढे डेलावेअर विद्यापीठात गेलेले डेव्हिड मिल्स यांनी सप्टेंबर १९८५ मध्ये नेटवर्क टाइम प्रोटोकॉल, म्हणजे एनटीपी, मांडला: नेटवर्कवरून दुसऱ्या कॉम्प्युटरला वेळ विचारायची पद्धत. त्यातली युक्ती साधी आणि फार देखणी आहे. आपलं यंत्र प्रश्न पाठवतानाची वेळ टिपतं. सर्व्हर, म्हणजे वेळ सांगणारा कॉम्प्युटर, प्रश्न मिळाल्याची आणि उत्तर सोडल्याची वेळ टिपतो. उत्तर हाती येताच आपलं यंत्र पुन्हा टिपतं. या चार नोंदींवरून प्रवासात गेलेला वेळ वजा होतो आणि घड्याळाची चूक उरते. जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो, हे मात्र यात गृहीत धरलेलं आहे. घरात कुणी मोठा व्हिडिओ अपलोड करत असेल तर जाण्याची वाट तुंबते आणि हिशेब थोडा बिघडतो. फरक थोडा असेल तर एनटीपी घड्याळाला धक्का देत नाही, ते किंचित हळू किंवा जलद चालवून जागेवर आणतं. शिवाय आपला क्रिस्टल रोज किती चुकतो हेही शिकून घेतं. मला यातली ही शेवटची गोष्ट सगळ्यांत हुशारीची वाटते.

घरोघरी हे पोचवलं २००१ च्या विंडोज एक्सपीने. ते आठवड्यातून एकदाच विचारी, तेवढ्यात बारा सेकंद सहज चुकत. तरी पूर्वीच्या मानाने चंगळच. पण लाखो यंत्रं विचारू लागली की उत्तर कुणी द्यायचं? २००३ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या टाइम सर्व्हरवर अचानक लोंढा आला. नेटगिअरच्या घरगुती राउटरांमध्ये त्या सर्व्हरचा पत्ता कायमचा कोरलेला निघाला, आणि उत्तर नाही मिळालं तर ते दर सेकंदाला पुन्हा विचारत होते. त्याच वर्षी जानेवारीत आड्रियान फॉन बिडर यांनी एनटीपी पूल सुरू केला होता. स्वयंसेवकांचे सर्व्हर एकाच नावाखाली आणून ओझं वाटून घ्यायची ही व्यवस्था आजही बरीचशी हौशी लोकांच्या जिवावर चालते.

भारताची प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा आण्विक घड्याळांवर राखते. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने सेवा पुरवठादार, डेटा सेंटर आणि कंपन्यांना आपली घड्याळं या प्रयोगशाळेच्या किंवा एनआयसी या सरकारी संगणक संस्थेच्या सर्व्हरशी, नाहीतर त्यांच्याशी जुळणाऱ्या स्रोताशी, मिळवून घ्यायला सांगितलं. घरच्या पीसीला तशी सक्ती नाही. घरी त्रास होतो तो वेगळाच: एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स ठेवणाऱ्यांना अधूनमधून घड्याळ नेमकं साडेपाच तास चुकलेलं दिसतं. डॉसच्या वारशामुळे विंडोज त्या चिपमध्ये स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स बहुधा जागतिक वेळ. सेल बदलून हे जात नाही. दोघांपैकी एकाची सेटिंग बदलावी लागते.

आता प्रश्न विश्वासाचा आहे. साध्या एनटीपीचं उत्तर वाटेत कुणी बदललं तर कळत नाही, म्हणून २०२० मध्ये एनटीएस हा सुरक्षित प्रकार ठरला. त्यात सर्व्हरची ओळख पटवणारं डिजिटल प्रमाणपत्र तपासावं लागतं, प्रमाणपत्राला मुदत असते, आणि मुदत तपासायची तर वेळ आधीच माहीत हवी. सेल संपलेल्या यंत्राची इथे पंचाईत होते. लिनक्सवरचे काही प्रोग्राम त्यासाठी शेवटची माहीत असलेली वेळ डिस्कवर ठेवतात आणि सुरू होताना घड्याळ निदान तिच्या मागे जाऊ देत नाहीत.