खरं बोललं तर काय होईल याचा आपला अंदाज

"पाच मिनिटात पोचते" असं मी मैत्रिणीला फोनवर म्हणाले तेव्हा माझ्या पायात चप्पल पण नव्हती. ती डेक्कनला उभी, मी कर्वेनगरला घरात, आणि मधे संध्याकाळी सातचा कर्वे रोड. पाच मिनिटात पोचणं शक्य नाही हे मला माहीत होतं आणि खरं सांगायचं तर तिलाही माहीत होतं. तरी मी ते बोलले आणि तिने "ये ये" म्हणून फोन ठेवला.

तेव्हाच मी वही करायची ठरवली. कल्पना माझी नाही, १९९६ मधे बेला डेपॉलो नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७७ कॉलेजच्या मुलामुलींना आणि ७० इतर लोकांना अशीच वही दिली होती, आठवडाभर जे जे खोटं बोलाल ते प्रामाणिकपणे लिहायचं. मुलांचं दिवसाला साधारण दोन निघालं, इतरांचं एक. यातलं बरंचसं खोटं बोलणाऱ्यांना स्वतःलाच किरकोळ वाटत होतं, ते काही फार मनाला लावून घेत नव्हते. पण मला त्यातली दुसरी एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. ज्या भेटीत खोटं बोललं गेलं ती भेट लोकांना इतर भेटींपेक्षा थोडी कमी आपुलकीची, कमी आनंदाची वाटली होती. म्हणजे पकडलं कोणी नाही, भांडण झालं नाही, तरी काहीतरी उणं झालं.

(नंतर २०१० मधे हजार अमेरिकन लोकांना विचारलं तर ६० टक्के म्हणाले गेल्या २४ तासात एकदाही नाही, आणि एकूण खोट्यापैकी जवळजवळ निम्मं फक्त ५ टक्के लोकांचं होतं. तेव्हा "सगळेच रोज खोटं बोलतात" हे वाक्य कोणी टाकलं की जरा थांबा, सरासरीत असं बरंच लपतं.)

माझ्या वहीत काय निघालं? "नको नको, आत्ताच झाला चहा", झालेला नव्हता. "अय्या किती छान", साडी मला आवडली नव्हती. "बघते आणि सांगते", सांगणार नव्हते. शेजारच्या काकूंना "तुमचा मेसेज आत्ता बघितला", सकाळीच बघितलेला. सात दिवसात अकरा. त्यातलं पैशासाठी, फायद्यासाठी एकही नव्हतं, सगळं एकतर समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून किंवा मला अवघड वाटू नये म्हणून, आणि या दोन्हीमधली रेघ कुठे आहे ते मला लिहितानाही नीट कळलं नाही. दहा मी सहज लिहिली. अकरावं लिहिताना हात अडला, त्याच्याकडे येतेच.

फायद्यासाठी माणूस किती खोटं बोलतो हे बघायची फार साधी युक्ती आहे, फासा. फासा टाका, काय पडलं ते फक्त तुम्हीच बघा, तोंडाने आकडा सांगा आणि त्याप्रमाणे पैसे घेऊन जा. एकट्या माणसाचं खोटं कधीच कळत नाही पण शेकडो लोकांचे आकडे एकत्र केले की कळतं, कारण प्रत्येक आकडा साधारण सारख्याच वेळा पडायला पाहिजे. असे ९० अभ्यास, ४७ देश, ४४ हजारांवर माणसं, हे सगळं २०१९ मधे एकत्र करून बघितलं तर खोटं बोलून जेवढा फायदा मिळवता आला असता त्यातला जवळपास तीन चतुर्थांश लोकांनी आपणहून सोडून दिला होता. पकडलं जाण्याची शक्यता शून्य असताना! आणि जे खोटं बोलतात त्यातले बरेच सगळ्यात मोठा आकडा सांगतच नाहीत, एक पायरी खालचा सांगतात. तिथे पोलीस नाही, कॅमेरा नाही, पण आपण स्वतः असतो ना.

त्याच वर्षी 'सायन्स' या विज्ञानाच्या नियतकालिकात आलेला पाकिटांचा प्रयोग तर मी ऑफिसमधे डब्याच्या वेळी सगळ्यांना घातला. ४० देश (भारतही त्यात होता), ३५५ शहरं, १७ हजारांवर पाकिटं. पाकीट पारदर्शक, आत व्हिजिटिंग कार्डं, एक किल्ली, वाणसामानाची यादी. संशोधकांचा माणूस बँकेत, हॉटेलात, थिएटरात काउंटरवर जाऊन म्हणायचा की हे रस्त्यात सापडलं, मी घाईत आहे, तुम्ही बघाल का, आणि निघून जायचा. काही पाकिटांत पैसे नव्हते, काहींत साडेतेरा डॉलरच्या आसपास त्या त्या देशातली रक्कम होती. आता सांगा, मालकाला जास्त कुठली परत मिळाली असतील?

आमच्याकडे नऊपैकी आठ जण म्हणाले बिनपैशाची. त्यात वाईट वाटायचं काही नाही, अर्थशास्त्रज्ञांना विचारलं तेव्हा त्यांचाही अंदाज चुकला होता. प्रत्यक्षात बिनपैशाच्या पाकिटांसाठी ४० टक्के लोकांनी मालकाशी संपर्क केला, पैसेवाल्यांसाठी ५१ टक्क्यांनी. ४० पैकी ३८ देशांत हीच दिशा. तीन देशांत मग ९४ डॉलर ठेवून बघितलं तर आकडा कमी व्हायच्या ऐवजी ७२ टक्क्यांवर गेला. संशोधकांचं म्हणणं असं की रिकामं पाकीट ड्रॉवरमधे पडून राहिलं तर तो आळस, पण पैशाचं पाकीट पडून राहिलं तर आपण चोर ठरतो, आणि स्वतःला चोर म्हणवून घेणं माणसाला फार महाग वाटतं. मला या स्टडीत आवडतं ते हे की लोक आपल्याला वाटतात त्यापेक्षा बरे निघाले. आपण मात्र एकमेकांना कमी लेखून वागत असतो, आणि त्याची पण एक किंमत असणारच.

अंदाज चुकण्याचं अजून एक ठिकाण म्हणजे "मला कळतं कोण खोटं बोलतंय ते". नाही कळत. २००६ मधे शेकडो अभ्यास आणि २४ हजारांवर लोकांचे अंदाज एकत्र केले गेले, बरोबर किती तर ५४ टक्के. नाणं उडवलं असतं तर ५०. नजर चुकवणं, नाकाला हात लावणं यातलं काहीही भरवशाचं नाही. मशीनचंही तसंच, पॉलिग्राफ श्वास, नाडी, रक्तदाब आणि तळहाताचा घाम मोजतो, खोटं मोजत नाही, आणि खरं बोलणाऱ्या घाबरलेल्या माणसाचे तळहात पण ओले होतातच. आपल्या पुण्यातच २००८ मधे सेशन कोर्टाने एका खुनाच्या खटल्यात मेंदूच्या विद्युतलहरींची टेस्ट पुराव्यात धरली होती, त्याची चर्चा जगभर झाली. २०१० मधे सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नार्को, पॉलिग्राफ, मेंदूची टेस्ट यातलं काहीही माणसाच्या संमतीशिवाय करता येणार नाही. योग्यच झालं.

आता मुलांचं. आपण सगळे "लांडगा आला रे आला" ऐकत वाढलो, खोटं बोललास तर बघ काय होतं ते. २०१४ मधे कॅनडातल्या संशोधकांनी तीन ते सात वर्षांच्या मुलांना खेळण्याकडे पाठ करून बसवलं, आवाजावरून ओळखायचं, मागे वळून बघायचं नाही, आणि मोठं माणूस बाहेर गेलं. बरीच मुलं बघतात, बघणारच. मग आल्यावर एक गोष्ट वाचून दाखवायची आणि विचारायचं, बघितलंस का रे. लांडग्याच्या गोष्टीने काही फरक पडला नाही. खोटं बोललं की नाक वाढतं त्या बाहुल्याच्या गोष्टीनेही नाही. फरक पडला तो छोट्या जॉर्ज वॉशिंग्टनच्या गोष्टीने, तो चेरीचं झाड तोडल्याचं कबूल करतो आणि वडील त्याला जवळ घेतात. त्या गोष्टीचा शेवट बदलून वाईट केला की परिणामही गेला. (चेरीची गोष्ट स्वतः मात्र खरी नाही, त्याच्या एका चरित्रकाराने घातलेली मानतात.) हे वाचल्यापासून माझ्या भाच्याने काही सांडलं फोडलं की मी आधी "सांगितलंस ते बरं केलंस" म्हणते, फडकं नंतर.

आणि आता जे लिहायचं जिवावर येतं ते. प्रामाणिकपणावरचंच एक संशोधन खोटं निघालं. २०१२ च्या एका शोधनिबंधात म्हणलं होतं की फॉर्मवर "वरील माहिती खरी आहे" ही सही खाली न घेता सगळ्यात वर घेतली तर लोक जास्त खरं लिहितात. किती गोड कल्पना! एक पैसा खर्च नाही, नुसती सहीची जागा बदलायची. अनेक ठिकाणी ती उचलली गेली. २०२० मधे त्याच लेखकांनी मोठ्या प्रमाणावर पुन्हा करून बघितलं तर परिणाम सापडेना, आणि २०२१ मधे इतर काही संशोधकांनी मूळ डेटा उघडला. डेटा गाड्यांच्या इन्शुरन्सचा, लोकांनी स्वतः लिहिलेलं ओडोमीटरचं रीडिंग, एक आधीचं आणि एक नंतरचं. दोन्हीतला फरक म्हणजे गाडी किती चालली. आता आपल्या पार्किंगमधल्या गाड्या बघा, बऱ्याचशा मधल्या आकड्याच्या आसपास चालतात, थोड्या अगदी कमी, थोड्या खूप जास्त. इथे मात्र शून्यापासून ५० हजार मैलांपर्यंत प्रत्येक टप्प्यावर गाड्या जवळजवळ सारख्याच, आणि ५० हजारावर एकदम काहीच नाही. दुसरी खूण अजून बारीक आहे. माणूस हाताने आकडा लिहितो तेव्हा गोल करतो, ४३ हजार, ६५ हजार. पहिल्या रीडिंगमधे तसे गोल आकडे भरपूर होते, दुसऱ्यात जवळपास नव्हतेच, कारण ते माणसांनी लिहिलेले नव्हते, कॉम्प्युटरने टाकलेले होते. शोधनिबंध मागे घेतला गेला.

हे वाचून मला राग आला होता, अजून येतो. पण मी तो माझ्या वहीत एका पानावर उतरवून ठेवलाय कारण पकडलं कोणी तर त्याच क्षेत्रातल्या लोकांनी, डेटा मागून, आकडा आकडा तपासून. आणि म्हणून लंडनच्या २०१६ च्या प्रयोगाबद्दल पण मी जपूनच लिहिते. त्यात स्वतःच्या फायद्याचं खोटं पुन्हा पुन्हा बोलणाऱ्यांच्या मेंदूतल्या अमिग्डाला या भावनांशी जोडलेल्या भागाचा प्रतिसाद दर वेळी मंद होत गेला आणि खोटं मोठं होत गेलं असं दिसलं. स्कॅनरमधे २५ च माणसं होती, तेवढ्यावर माडी बांधू नये. पण सवय होते हे आपल्या ओळखीचं आहेच.

आता अकरावं. बाबा ७४ वर्षांचे, रोज संध्याकाळी गाडी काढून मंडईत जातात आणि मी घरी असले की मागे बसते. गेल्या वर्षभरात नळ स्टॉपच्या चौकात दोनदा असं झालं की डावीकडून आलेली रिक्षा त्यांना फार उशिरा दिसली. घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "घाबरलीस का?" आणि मी म्हणाले, "छे, तुम्ही अजून मस्त चालवता." वहीत हे असंच्या असं लिहिलंय.

एमा लेव्हिन आणि टाया कोहेन यांनी २०१८ मधे छापलेल्या एका प्रयोगात काही लोकांना सांगितलं होतं की तीन दिवस घरीदारी सगळ्यांशी पूर्ण खरं बोला. दुसऱ्या काही लोकांना नुसती कल्पना करायला सांगितलं, असं वागलात तर कसं जाईल. कल्पना करणाऱ्यांना वाटलं की फार जड जाईल, नाती ताणली जातील. ज्यांनी खरंच केलं त्यांना ते अंदाजापेक्षा आनंदाचं गेलं आणि माणसांशी जास्त जोडल्यासारखं वाटलं. मी तीन दिवस नाही, एकच वाक्य ठरवलं. कणीक मळत होते, बाबा पेपर वाचत होते, त्यांच्याकडे न बघताच म्हणाले, "बाबा, मला तुमच्या मागे बसायची भीती वाटते."

ते काही बोलले नाहीत. जेवताना पण नाही. दोन दिवस "हं" आणि "नको" एवढंच, आणि मला वाटलं, झालं, उगाच बोलले. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडीची किल्ली फ्रिजवर ठेवलेली होती आणि ते म्हणाले, "डोळ्याच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घे."

मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत, डावा जास्त पिकलेला. डोळ्यातलं भिंग गढूळ झालं की आत येणारा प्रकाश विखुरतो, दिवसा तेवढं जाणवत नाही पण संध्याकाळी समोरून हेडलाइट आला की सगळं पांढरं होऊन जातं. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीआधी झालं, उजव्याचं जानेवारीत. मधल्या काळात आम्ही रिक्षाने मंडईत जायचो, आणि अशाच एका संध्याकाळी टिळक रोडला सिग्नलला थांबलो असताना ते म्हणाले की दिसत नाहीये हे मला सहा महिन्यांपासून कळत होतं गं. मी विचारलं, मग बोलला का नाहीत.

"तू मागे बसायचीस ना रोज. म्हणलं ही बसतीये, मस्त चालवता म्हणतीये, म्हणजे एवढं काही वाईट नसेल."