'सॅक' म्हणजे नेमकी कोणती?

बारदान (रिकामी पोती) घेणाऱ्यांसाठी माहिती
नवा मोंढा, परभणी

"शंभर सॅक पाठवा" असा फोन आला की आम्ही आधी विचारतो, भरायचं काय आहे? चुकीचा माल गेला तर ऐन सोयाबीनच्या हंगामात तुम्हाला गाडीभाडं दोनदा बसतं, आणि चूक बहुतेक वेळा या एका शब्दाची असते.

सॅकचा मूळ अर्थ पोतं. लॅटिन 'साकुस'वरून तो इंग्रजीत आला. लेकरांच्या शाळेची सॅक ही 'रकसॅक', म्हणजे जर्मन भाषेत पाठीवरची पिशवी. फवारणीचा नॅपसॅक पंप त्याच कुळातला. 'हॅवरसॅक' ही मुळात घोड्यासाठी ओट न्यायची पिशवी. १५२७ च्या 'सॅक ऑफ रोम'मध्ये मात्र सॅक म्हणजे लूट. लुटीचा माल पोत्यांत भरून नेत, त्यावरून.

नोकरीवरून काढलं यालाही इंग्रजीत 'सॅक' म्हणतात. कारागीर आपली हत्यारं स्वतःच्या पिशवीत घेऊन कामावर येई आणि काम सुटलं की मालक ती पिशवी त्याच्या हाती देई, असं त्याचं कारण सांगतात. फ्रेंचमध्ये हा वाक्प्रचार आधीपासून होता, इंग्रजीत तो १८२५ च्या सुमारास दिसतो. आपल्याकडे अशा वेळी नारळ देतात. पण हा बोलण्यातला आणि बातम्यांच्या मथळ्यांतला शब्द आहे. कंपनीच्या पत्रात 'टर्मिनेशन' किंवा 'डिसमिसल' लिहिलेलं असतं. पत्र हाती आलं तर तेच शब्द नीट वाचा, हक्काचं बरंच काही त्यांवर ठरतं.

आता आमच्याकडची सॅक. सरकारी धान्य खरेदीतला तागाचा कट्टा, म्हणजे पोतं, ५० किलो भरतीचा, ९४ बाय ५७ सेंटिमीटर, रिकामा ५८० ग्रॅम. म्हणजे शंभर कट्ट्यांमागे ५८ किलो नुसतं बारदान. काट्यावर हे वजा झालं का, ते विक्रीची हिशेबपट्टी घेतानाच बघा. ताग हवेतली ओल ओढतो, त्यामुळं पावसाळ्यात तोच कट्टा जड भरतो. दहा रिकामे कट्टे एकत्र तोलून सरासरी काढली की वाद राहत नाही.

प्लॅस्टिकचं पोतं हलकं आणि स्वस्त, पण त्यात हवा कमी खेळते. सोयाबीनमध्ये १२ टक्क्यांहून जास्त ओलावा असताना भरून ठेवलं तर माल आतून तापतो आणि बुरशी धरतो. गुळगुळीत असल्यानं थप्पी उंच लावली की सरकते, म्हणून प्रत्येक थर आडवा-उभा रचावा. हमालांना हूक लावू देऊ नका. तागाचं भोक दाबलं तर मिटतं, प्लॅस्टिकची पट्टी तुटली की भोक वाढतच जातं. उन्हात महिनोन्‌महिने पडलेलं पोतं हाताला चुरचुरतं, ते भरायला घेऊ नये.

खतावरून हिशेब धरत असाल तर लक्षात ठेवा, युरियाची गोणी आता ४५ किलोची असते.

फोनवर एवढं सांगा: माल कोणता, किती किलोची भरती, ताग की प्लॅस्टिक, नवं की एकदा वापरलेलं. वापरलेल्यात आम्ही फक्त धान्याचंच बारदान देतो. खताचं किंवा औषध लावलेल्या बियाण्याचं पोतं कितीही धुतलं तरी खाण्याच्या धान्याला चालत नाही, ते मागू नका.